जुन्या एदो शहराचे नकाशे



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'जपानातील जुने नकाशे' असे उत्तर दिले, आणि ते जरा चमकले. कामगार संघटनेत तीस वर्षे घालवलेला माणूस किमान वेतनावर नाही तर महागाईवर बोलेल, अशी त्यांची समजूत असावी. त्यांचा दोष नाही. माझे शाळेतले शिक्षण नववीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते नगरवाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा मी इतिहाससंशोधक म्हणून आपल्यापुढे उभा नाही. नकाशा वाचण्याची वेळ पोटाच्या प्रश्नामुळे माझ्यावर आली, त्यातून गोडी लागली, आणि ती गोडी मला एदो शहरापर्यंत घेऊन गेली, एवढाच माझा अधिकार.

एदो म्हणजे आजचे टोकियो. १६०३ साली तोकुगावा घराण्याचा इएयासू हा शोगुन झाला आणि त्याने आपला कारभार एदोच्या किल्ल्यातून चालवला. सम्राट क्योतोत राहिला. सत्ता एदोत आली. पुढे १६३५ साली असा नियम पक्का झाला की देशातील प्रत्येक सरदाराने, ज्याला तिकडे दाइम्यो म्हणत, आळीपाळीने एक वर्ष एदोत आणि एक वर्ष आपल्या मुलखात राहावे. बायको आणि वारस मुलगा मात्र कायम एदोतच ठेवावयाचे. ओलीस हा शब्द कोणी उच्चारत नसे, पण अर्थ तोच. असे सुमारे २६० दाइम्यो होते. त्यांचे वाडे, त्यांच्या शिपायांच्या बराकी, त्यांना तांदूळ, कापड, मासळी पुरवणारे व्यापारी आणि त्या व्यापाऱ्यांकडे राबणारे हमाल व कारागीर यांनी शहर फुगत गेले. अठराव्या शतकात एदोची वस्ती दहा लाखांच्या घरात गेली असे मानतात. त्या काळी जगात एवढी मोठी शहरे बोटांवर मोजण्याइतकीच होती.

एवढ्या शहराला चांगला नकाशा मिळाला तो एका आगीमुळे. २ मार्च १६५७ रोजी एदोत आग लागली. घरे लाकडाची, दारेखिडक्या कागदाच्या, वारा जोराचा. ती आग पुढे दोन दिवस शहरभर फिरत राहिली. शहराचा निम्म्याहून अधिक भाग जळाला, किल्ल्याचा उंच बुरूज जळाला आणि तो पुन्हा कधी बांधलाच गेला नाही. मेलेल्यांचा आकडा परंपरेने एक लाखाच्या आसपास सांगतात. ज्यांना कोणी नातलग उरला नव्हता अशांना नदीपलीकडे एकत्र पुरले आणि तेथे एकोइन नावाचे मंदिर उभारले. ते मंदिर आजही आहे.

शहर पुन्हा वसवावयाचे तर मोजणी हवी. शोगुनच्या सरकारने होजो उजिनागा या अधिकाऱ्याकडून मोजणी करविली. त्या मोजणीच्या आधारे ओचिकोची दोइन नावाच्या नकाशाकाराने १६७० ते १६७३ या काळात पाच भागांत एदोचा मोठा नकाशा छापून काढला. प्रमाण सुमारे तीन हजारास एक. म्हणजे जमिनीवरचे तीस मीटर कागदावर एक सेंटीमीटर. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत निघालेल्या पुष्कळ नकाशांचा तो मूळ पाया ठरला.

नकाशे छापले जात ते लाकडी ठशांवरून. कारागीर फळीवर उलटी अक्षरे आणि रेषा कोरीत, दुसरा कारागीर शाई लावून कागद दाबीत असे. प्रत्येक रंगाला वेगळी फळी. एखादा दाइम्यो बदलला, वाडा दुसऱ्याकडे गेला, की सबंध फळी टाकून देत नसत. जुने नाव होते तेवढा चौकोन कोरून काढीत, त्या खाचेत लाकडाचा नवा तुकडा घट्ट बसवीत आणि त्यावर नवे नाव कोरीत. सुताराचे काम पाहिलेल्या माणसास यातले कसब समजेल. तुकडा केसभर वर राहिला तर छपाईत डाग पडणार, केसभर खाली गेला तर नाव उमटणार नाही. प्रकाशकाचे नाव नकाशाच्या कोपऱ्यात ठसठशीत असते. हे तुकडे बसवणाऱ्या हातांची नावे मात्र बहुधा सापडत नाहीत.

आता मला सर्वांत आवडणाऱ्या नकाशांकडे येतो. त्यांना 'किरिएझु' म्हणतात, म्हणजे शहराचे तुकडे पाडून केलेले नकाशे. एका भागाचा एक कागद, घडी घालून अंगरख्याच्या बाहीत ठेवता येईल असा. हे कशासाठी निघाले त्याचे कारण मौजेचे आहे. सामुराई लोकांच्या घरांवर नावाची पाटी लावण्याची पद्धत नव्हती. एकसारख्या भिंती, एकसारखे दरवाजे. परगावचा माणूस निरोप घेऊन आला, की हैराण होई. कोजिमाची भागात ओमिया नावाचे दुकान होते. पत्ता विचारणाऱ्यांच्या रांगेला कंटाळून त्या दुकानदाराने शेवटी नकाशाच छापून विकावयास काढला, असे सांगतात. त्याचा खप पाहून १८४९ पासून ओवारिया सेइशिचि या प्रकाशकाने जास्त रंगीत, जास्त देखणे असे सुमारे तीस कागद काढले. परगावचे लोक ते एदोची आठवण म्हणून गावी नेऊ लागले.

हे नकाशे जपानच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने संगणकावर सर्वांना पाहण्यास खुले ठेवले आहेत. पुण्यात जपानी शिकणाऱ्या माझ्या पुतणीला शेजारी बसवून मी ते पाहिले. पहिल्यांदा माझा गोंधळच उडाला. अक्षरे काही सुलटी, काही उलटी, काही आडवी. मी म्हटले, "अगं, हा कागद फिरवायचा कसा?" ती म्हणाली, "काका, कागद नाही फिरवायचा, आपण फिरायचं. हा जमिनीवर पसरून चारही बाजूंनी बसून बघायचा नकाशा आहे." मग तिने दाखवले की वाड्याच्या मालकाच्या नावाचे डोके ज्या बाजूला, त्या बाजूला वाड्याचा मुख्य दरवाजा. एवढे कळले, की सगळा गोंधळ नाहीसा होतो. नाव कोणाचे आणि दार कोठे, या दोन्ही गोष्टी एकाच खुणेत सांगितलेल्या आहेत.

खुणांची यादी नकाशावरच छापलेली असते. नावाशी घराण्याचे चिन्ह असेल तर तो दाइम्योचा मुख्य वाडा. काळा चौकोन असेल तर दुसरा वाडा, काळा ठिपका असेल तर शहराबाहेरचा तिसरा. देवळे तांबडी, रस्ते आणि पूल पिवळे, पाणी निळे, शेते, टेकड्या आणि बांध हिरवे. सामुराईंची घरे पांढऱ्या कागदावर नावांनिशी. आणि सामान्य नगरवासीयांची वस्ती करड्या रंगाची. किल्ल्याच्या आत काय आहे ते छापीत नसत. तेथे फक्त तोकुगावांचे चिन्ह. राजाचे घर झाकलेले, सरदाराचे घर नावाने सांगितलेले, आणि गरिबाचे घर रंगात बुडवलेले, असा हा कागद आहे.

हा करडा रंग मी पुष्कळ वेळ न्याहाळीत बसलो. त्यात आळीचे नाव असते, माणसाचे नसते. एदोची जमीन कोणाकडे किती होती याचा हिशोब अभ्यासकांनी मांडला आहे. सुमारे ७० टक्के जमीन सामुराईंकडे, देवळांकडे सुमारे १५ टक्के, आणि उरलेली १५ टक्के नगरवासीयांकडे. १७२१ च्या मोजणीत हे नगरवासी पाच लाखांच्या आसपास भरले. म्हणजे शहराची साधारण अर्धी माणसे एक-सप्तमांश जमिनीवर राहत होती.

ती कशी राहत होती? रस्त्याच्या तोंडाशी दुकाने. दोन दुकानांच्या मधून एक बोळ आत जाई. आत लाकडी खोल्यांच्या लांबच लांब रांगा, त्यांना 'नागाया' म्हणत. एका खोलीचे ठरीव माप नऊ शाकु रुंद आणि दोन केन लांब, म्हणजे सुमारे २.७ मीटर गुणिले ३.६ मीटर. आपल्या फुटांत नऊ बाय बारा. त्यातच चूल, त्यातच पाण्याचा माठ, त्यातच बिऱ्हाड. विहीर सामाईक, संडास सामाईक, कचऱ्याची जागा सामाईक. मुंबईच्या गिरणगावात दहा बाय बाराच्या खोलीत माझे बालपण गेले. हे माप वाचल्यावर मला एदोत परके वाटले नाही. आणखी एक गंमत सांगतो. संडासातील मैला खत म्हणून शेतकरी विकत नेत आणि त्याचे पैसे चाळीची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाच्या खिशात जात. भाडेकरूची कोणतीच गोष्ट फुकट जाऊ द्यावयाची नाही, असा तो व्यवहार होता!

नागायातील भाडेकरूस नगरवासी म्हणून पुरता मानही नव्हता. आळीच्या कारभारात जागेच्या मालकाचे नाव चाले. आळ्यांचे आणखी एका प्रकारचे, हाताने काढलेले नकाशे आहेत. त्यांत प्रत्येक जागेची रुंदी, खोली, किंमत, मालक आणि व्यवस्थापक हे सारे लिहिलेले आहे. मागच्या खोल्यांत राहणारा सुतार, माळीण, पाठीवर टोपले घेऊन फिरणारा मासळीवाला यांतल्या कोणाचे नाव नाही. जमिनीची किंमत लिहिणारा नकाशा जमीनमालकाचेच नाव लिहिणार, त्यात नवल कसले?

येथपर्यंतची गोष्ट नाव नसण्याची झाली. आता नाव असण्याची गोष्ट सांगतो.

शहराच्या ईशान्येस असाकुसा येथे सेन्सोजी हे मोठे देऊळ आहे. त्याच्या उत्तरेस इमादो भागात एक वेढलेली वस्ती होती. तेथे दांझाएमोन हे पिढीजात पद धारण करणारा मुखिया राही. मेलेली जनावरे सोडवणे, कातडे कमावणे, फाशीच्या जागेवरील कामे करणे ही कामे ज्यांच्यावर जन्माने लादलेली होती त्या लोकांवर, एदो आणि भोवतालच्या प्रांतांत, त्याचा अधिकार चाले. लढाईला चिलखत हवे, घोड्याला खोगीर हवे, ते कातडे हे लोक देणार. पण त्यांच्या हातचे पाणी कोणी घेणार नाही. त्यांना 'एता' म्हणत आणि तो शब्द 'फार मलिन' अशा अर्थाच्या अक्षरांनी लिहीत. आज तो शब्द शिवी आहे. मी तो एकदाच उच्चारला, तो केवळ नकाशावर तो छापलेला आहे म्हणून. शहर जसजसे वाढले तसतशी ही वस्ती बाहेर लोटली गेली. काही नकाशांवर ती त्या शब्दानिशी दाखवलेली आहे. इतर काही ठिकाणी याच्या उलट प्रकार होता. अशा वस्त्या नकाशात घेतच नसत, आणि रस्त्याचे अंतर मोजताना त्यांच्यामधून जाणारा तुकडा गाळीत, असे जुन्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. माणूस चालला ते अंतरसुद्धा धरावयाचे नाही!

१८६८ साली शोगुनांची सत्ता गेली आणि एदोचे टोकियो झाले. १८७१ साली सरकारने हुकूम काढून ही जन्मजात नीच पदवी रद्द केली. पण कागद फार चिवट असतात. पुढच्याच वर्षी देशभर कुटुंबांची नोंदणी झाली, आणि कित्येक ठिकाणी या लोकांच्या नावापुढे 'नवे सामान्यजन' असे लिहून ठेवले. कायद्याने पुसलेली खूण कारकुनाने पुन्हा उमटवली. ती नोंदवही पाहण्यावर बंदी आली ती १९६८ साली. आज या लोकांना 'बुराकु', म्हणजे वस्तीतले, असे म्हणतात. माणसात दुसऱ्यापेक्षा काहीही वेगळे नाही. न धर्म, न भाषा, न चेहरा. वेगळा आहे तो फक्त पत्ता.

३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे या लोकांनी सुइहेइशा ही आपली संघटना स्थापली. पाणी जसे एका पातळीत राहते तसा समाज व्हावा, असा त्या नावाचा रोख आहे. आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते २० मार्च १९२७ रोजी, म्हणजे त्यानंतर पाच वर्षांनी.

आणि आता कामगार म्हणून मला झोंबलेली गोष्ट. १९७५ साली जपानात असे उघडकीस आले की देशभरच्या बुराकु वस्त्यांची नावे, ठिकाणे आणि तेथील मुख्य धंदे यांची यादी करून ती पुस्तके चोरून विकली जात होती. गिऱ्हाईक कोण? दोनशेहून अधिक कंपन्या. नोकरीच्या अर्जावरचा पत्ता त्या यादीशी ताडून पाहावयाचा आणि जुळला तर अर्ज बाजूस ठेवावयाचा. मुलाला आपण का नापास झालो ते कधीच कळत नसे. लग्ने ठरवणारेही अशी चौकशी करीत. १९८५ साली ओसाका प्रांताने अशा चौकशांवर निर्बंध घालणारा नियम केला, आणि २०१६ साली बुराकु भेदभाव दूर करण्यासाठी देशाचा कायदा झाला. तरीही १९३६ च्या एका जुन्या पाहणीतील वस्त्यांची यादी पुन्हा प्रसिद्ध करण्याचा उद्योग झाला. त्यावर खटला चालून २०२३ साली टोकियोच्या उच्च न्यायालयाने, भेदभाव न होऊ देण्याचा माणसाला हक्क आहे, असे मान्य केले.

या पार्श्वभूमीवर २००९ सालचा प्रसंग पाहा. अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या संग्रहातले जुने जपानी नकाशे गूगल कंपनीने आपल्या संगणकावरील पृथ्वीच्या नकाशावर बसवले. जुना कागद खाली, आजची गल्ली वर. अभ्यासकाला पर्वणी! पण त्यात त्या वस्त्यांवर तो शब्द जसाच्या तसा होता. आता कोणालाही आजचा पत्ता घालून पाहता येईल की ही गल्ली कोणाची होती. बुराकु संघटनांनी तक्रार केली. त्यावर नकाशातला तो शब्द गुपचूप खोडण्यात आला. तेव्हा त्याच लोकांनी म्हटले की हेही बरोबर नाही. असे खोडणे म्हणजे आम्ही येथे कधी नव्हतोच असे सांगणे. पुढे मूळ नकाशे, त्यांचा अर्थ सांगणाऱ्या टिपणासह, पुन्हा ठेवण्याचे ठरले.

वरवर पाहणारा म्हणेल, हे लोक दोन्हीकडून बोलतात. मी तसे म्हणणार नाही, कारण हा पेच मी स्वतः हाताळला आहे.

वीसेक वर्षांपूर्वी एका गावी यंत्रमाग कामगारांच्या वस्तीला उठवण्याची नोटीस आली. गावाचे नाव सांगत नाही. आम्ही कचेरीत जाऊन नकाशा मागितला. वस्तीच्या जागी लिहिले होते, 'मोकळी जागा'. चौसष्ट खोल्या, दोन नळ, एक पिंपळ आणि त्याखालचा पार, सारे मोकळे! मी तेव्हा प्रथम नकाशा वाचावयास शिकलो. आम्ही दोरी आणि टेप घेऊन तीन रविवार मोजणी केली आणि आमचा नकाशा काढला. प्रत्येक चौकोनात घरमालकाचे नाव लिहावयाचे ठरले. पोरे उत्साहाने आपले नाव सांगत होती. पण एका म्हाताऱ्या बाईने मला बाजूला घेतले. "भाऊ, खोली दाखवा, नाव नका लिहू." मी कारण विचारले. ती म्हणाली, "या वस्तीचं नाव जातीचं आहे. माझ्या लेकानं अर्जावर पत्ता लिहिला आणि त्याची नोकरी गेली. तुमचा कागद कुणाच्या हातात जाईल, तुम्हाला तरी ठाऊक आहे का?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. रात्री युनियनच्या कचेरीत आम्ही त्यावर पुष्कळ वाद घातला. शेवटी असे केले की नकाशावर खोल्यांना फक्त आकडे घातले, आणि कोणत्या आकड्याला कोणते नाव ती वही संघटनेकडे ठेवली. वही सुनावणीच्या वेळी अधिकाऱ्यास दाखवली आणि परत आणली. एकेचाळीस खोल्या वाचल्या, तेवीस गेल्या. एदोचे नकाशे मी पाहिले ते यानंतर पुष्कळ वर्षांनी, आणि करडा रंग व ती छापलेली शिवी एकाच शहरात पाहिल्यावर मला ती म्हातारी आठवली. नकाशात नसलेल्या माणसाला उठवता येते. नकाशात खूण करून ठेवलेल्या माणसाला टाळता येते. दोन्ही वेळा कागद त्याच्या हातात नसतो.

आपल्याकडेही हा प्रश्न सरकारदरबारी आलेला आहे. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशी नावे जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत असा त्याचा हेतू. निर्णय योग्यच आहे. अर्जावर लिहावयाचा पत्ता बदललाच पाहिजे. परंतु पाटी बदलली म्हणून जुने नकाशे आणि दप्तरे जाळावी असे मला वाटत नाही. तो कागद अन्यायाचा पुरावा आहे. तो ग्रंथालयात राहावा, त्याच्या शेजारी तो कसा झाला याचा खुलासा राहावा, आणि तो नोकरी देणाऱ्याच्या टेबलावर जाऊ नये. आणि खुलासा कोणी लिहावयाचा? ज्यांच्या वस्तीवर ती खूण होती त्यांना विचारल्यावाचून तो लिहू नये. जपानातील त्या लोकांनी मागितले ते एवढेच.

आपणांस एक विनंती करून थांबतो. आपल्या गावच्या भूमापन कचेरीत गावठाणाचा नकाशा असतो. एक दिवस वेळ काढून तो पाहावयास मागा. प्रथम आपले घर शोधा, ते सर्वच जण शोधतात. मग आपल्याकडे भांडी घासण्यास येणाऱ्या बाई, भाजीवाला आणि रस्ता झाडणारा कामगार कोठे राहतात ते त्यांना विचारून घ्या, आणि ती जागा त्या कागदावर शोधून पाहा. तेथे काय लिहिले आहे ते वाचा. काहीच लिहिलेले नसेल, तर तेही वाचा.